सोयर आणि सुंठवडा

आमच्या भागातील एका गावी, ज्याचे नाव येथे सांगण्याचे काही प्रयोजन नाही, रामाचे एक जुने देवालय आहे आणि त्या देवालयाच्या दिवाबत्तीसाठी कोणे एके काळी मिळालेली थोडी इनाम जमीन आहे. तिच्यापैकी गावठाणालगतचा सव्वा एकराचा तुकडा धर्मार्थ प्रसूतिगृहासाठी द्यावा, अशी सूचना काही वर्षांपूर्वी देवस्थानच्या सभेत पुढे आली, तेव्हा पाहुणा म्हणून मी त्या सभेस हजर होतो. सूचना मांडणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक; त्यांनी इमारतीचा नकाशा, खर्चाचा अंदाज आणि वर्गणीची तजवीज असे सारे काही फुलस्केप कागदावर टापटिपीने लिहून आणले होते. त्याच पावसाळ्यात गावातील एक अडलेली बाळंतीण तालुक्याच्या वाटेवर, ओढ्याला पाणी आल्यामुळे अलीकडेच थांबलेल्या जीपमध्ये गेली होती. मूलही गेले होते. ही गोष्ट गुरुजींच्या कागदावर नव्हती, पण मंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात होती, आणि म्हणूनच सूचना बिनविरोध मंजूर होईल असे मला वाटले. तसे झाले नाही. देवस्थानचे सर्वांत वडील पंच, ज्यांना सारे गाव तात्या म्हणते, उपरणे सावरीत उठले आणि आवाज मुळीच न चढवता म्हणाले, "गुरुजी, दवाखाना हवा याबद्दल दुमत नाही. पहिली पावती माझ्या नावाने फाडा. पण देवाच्या जागेत बाळंतपणे? रोजची सोयर देवाच्या दारात आणून ठेवायची का?"

तात्यांना दांभिक म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. सुधारकी बाण्याची मंडळी तसे करतातही. मला ते जमणार नाही. जो माणूस चाळीस वर्षे देवालयाच्या जमाखर्चात पैची खोट येऊ न देता वहिवाट सांभाळत आला आणि ज्याने विरोध करतानाच पहिली पावती मागितली, त्याची अडचण पैशाची किंवा निष्ठुरपणाची नव्हती. जन्म ही घटना ईश्वराच्या सन्निध मंगल की अमंगल, हा त्यांचा प्रश्न होता; आणि श्रद्धेतून उठलेल्या प्रश्नाला श्रद्धेच्याच प्रांतात जाऊन उत्तर शोधावे लागते, तेथे सरकारी तक्ते पुढे करून भागत नाही.

धर्मशास्त्राचा याविषयीचा मजकूर आपण समजतो तितका सरळ नाही. जननाशौच दहा दिवसांचे खरे, परंतु ते आणि मृताशौच यांत स्मृतिकारांनी व निबंधकारांनी भेद केला आहे: मरणाचे सुतक सपिंडांपैकी सर्वांना शिवते, जन्माच्या सोयरीतील अस्पृश्यता मात्र मुख्यत्वे मातेपुरती उरते आणि पिता स्नान करताच मोकळा होतो. (ज्याने काहीच सोसले नाही तो घटकाभरात शुद्ध आणि जिने मरण हुंगून पाहिले ती दहा दिवस कोपऱ्यात, हा निवाडा कोणत्या न्यायाने झाला हे तो लिहिणारांनाच ठाऊक.) याहून लक्षणीय गोष्ट अशी की नाळ कापली जाईपर्यंत सूतक लागतच नाही, असे वचन निबंधकारांनी प्रमाण मानले आहे, म्हणूनच जातकर्म आणि पुत्रजन्माचे दान नाळ तुटण्यापूर्वी करावे असे सांगितले. सभेत उठून हेच वचन तात्यांपुढे ठेवावे आणि म्हणावे, की कळा सुरू झाल्यापासून नाळ कापेपर्यंत तुमच्या शास्त्रानेच अभय दिले आहे, असा मोह मला झाला होता. मी तो आवरला. ती वकिली युक्ती झाली असती. शिवाय वस्तुस्थिती अशी आहे की बाळंतिणीवरचे सर्वांत मोठे संकट नाळ कापल्यानंतरच येते. वार पडल्यावर गर्भाशय आवळले नाही तर रक्त थांबत नाही, आणि तसे झाल्यास निरोगी, धडधाकट बाई दोन तासांच्या आत हातची जाते. म्हणजे ज्या घटकेला शास्त्र तिला अस्पृश्य ठरवते, नेमक्या त्याच घटकेला तिच्या पोटावर कोणाचा तरी जाणता हात असावा लागतो.

या विटाळाच्या कल्पनेने व्यवहारात काय केले, हे ज्यांनी जुन्या घरातली बाळंतिणीची खोली पाहिली आहे त्यांना सांगायला नको. घरातील सर्वांत अंधारी, बिनखिडकीची, एरवी गोवऱ्या आणि मोडके सामान ठेवण्याची जागा तिच्या वाट्याला यायची. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्याशेपांची धुरी, दाराला गोणपाट. बाळंतिणीखाली घालायची वस्त्रे नंतर टाकूनच द्यायची असल्यामुळे ती घरातील सर्वांत जुनी, विटकी, कोठल्यातरी ट्रंकेच्या तळाशी कुबट झालेली निवडली जात, आणि नाळ कापायला जे हाती येईल ते, विळा म्हणा, पाते म्हणा. शुद्धीच्या अट्टाहासातून अशी अस्वच्छता उपजावी, यासारखी विपरीत गोष्ट धर्माच्या इतिहासातही थोडीच सापडेल. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते आणि त्या सुमारास बाळाला एकटे सोडीत नाहीत. त्या पूजेला मी हसत नाही. नाळेतून शिरलेला धनुर्वात नवजात बालकाला बहुधा त्याच आठवड्यात गाठतो. ज्या आयाबायांना या रोगाचे नाव माहीत नव्हते त्यांनी त्याचे वेळापत्रक मात्र अनुभवाने बिनचूक ओळखले होते, आणि त्या रात्री जागून काढण्याचा शिरस्ता पाडला होता. चुकले ते इतकेच, की विळ्याकडे कोणी पाहिले नाही.

आणि हे आपल्या परंपरेला पूर्वी कळत नव्हते असेही नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे. नववा महिना लागण्यापूर्वी ते तयार असावे, जमीन निवडून घ्यावी, द्वार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे, लाकूड अमुक वृक्षांचे असावे, पाणी, अग्नी, न्हाणी, औषधे हाताशी असावीत, आणि जवळ राहणाऱ्या स्त्रिया स्वतः अनेकदा प्रसूत झालेल्या, कामात कुशल, मायाळू आणि न कंटाळणाऱ्या असाव्यात, इतक्या बारकाईने ते लिहिले आहे. सूतिकागारापासून गोणपाटाच्या दारापर्यंत आपण कसे घसरत आलो, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता; चौदाव्या वर्षी झालेले आणि दहा दिवसांत गेलेले स्वतःचे मूल ज्या मुलीच्या आठवणीत होते, तिने हा विषय केवळ विद्वत्तेच्या हौसेने निवडला असेल असे मला वाटत नाही.

विटाळ नेमका कोठे असतो, याचा उलगडा व्हायला मात्र युरोपातील एका इस्पितळाकडे पाहावे लागते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनहून कमी. आणि गरीब बायका पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून अक्षरशः गुडघे टेकीत. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने कारण शोधले तेव्हा ते असे निघाले, की विद्यार्थी व त्यांचे गुरू शवविच्छेदनाच्या दालनातून थेट प्रसूतीच्या खाटेकडे येत आणि प्रेताचा विटाळ आपल्या बोटांवरून बाळंतिणीच्या रक्तात सोडीत. १८४७ साली त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम लावला. १८४८ साली त्या विभागातील मृत्यू शेकडा दीडाच्या आत आले. त्याच्या समव्यावसायिकांना हे रुचले नाही. सभ्य गृहस्थांचे हात अशुद्ध असू शकतात हे कबूल करणे त्यांना अपमानास्पद वाटले, आणि १८६५ साली तो एका वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. तात्यांची आणि त्या व्हिएन्नावासी प्राध्यापकांची कधी गाठ पडली असती तर दोघांचे मुळीच पटले नसते. पण दोघांचाही समज एकच होता, की अशुद्धी असलीच तर ती बाळंतिणीकडे असणार, आपल्याकडे नव्हे. सोवळे पाळायचे होते ते तिच्याजवळ जाणाऱ्याने. आपण ते तिच्यावर लादले.

सभेत यांपैकी काहीच बोलले गेले नाही. बोलली ती मंडपाच्या पायरीशी, खांबाला टेकून बसलेली गावची सुईण. सभेत बसलेल्यांपैकी निम्म्याअधिकांच्या नाळा तिने कापल्या होत्या, पण मंडपात वर येऊन बसण्याचा तिचा रिवाज नव्हता. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "तात्या, दर साली चैतात ह्याच मंडपात रामाचा पाळणा हालिवता न्हवं? सुंठवडा खाता न्हवं? तवा न्हाई व्हय इटाळ हुत? कौसल्येचं चालतं, आन् आमच्या पोरीबाळींचं तेवढं चालंना?"

कोणी तरी हसले, आणि लगेच गप्प झाले. मी मात्र त्या एका वाक्याने थक्क झालो, कारण इतकी वर्षे रामनवमीचा सुंठवडा तळहातावर घेऊनही तो काय आहे याचा विचार मी कधी केला नव्हता. सुंठ, खोबरे, खारीक, खडीसाखर: तो बाळंतिणीचा खुराक आहे. चैत्र शुद्ध नवमीला दुपारी बारा वाजता, गुलाल उधळून, पाळण्याची दोरी ओढून, आपण देवळाचे दोन घटका सूतिकागृह करतो, मातेला द्यायचे औषध प्रसाद म्हणून वाटून खातो, आणि त्या दिवशी सोयर धरीत नाही. सहा दिवसांनी मारुतीच्या देवळात सूर्योदयाला पुन्हा तेच. श्रावणात गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री पुन्हा तेच. ज्या धर्माने देवाला गर्भवासातून आणले, कारागृहात जन्माला घातले, त्याला जन्माची शिसारी असणे संभवत नाही. शिसारी आपली आहे, आणि ती आपण देवाच्या नावे मांडून ठेवली आहे.

वारकऱ्यांना हे फार पूर्वी कळले होते. चोखोबांच्या घरची कथा कीर्तनातून सर्वांनी ऐकली असेल: सोयराबाईचे दिवस भरले, चोखोबा घरी नाहीत, घरात दुसरे माणूस नाही, आणि कळा सुरू झाल्या. तेव्हा विठोबा तिची नणंद निर्मळा हिचे रूप घेऊन दारात उभा राहिला, त्याने तिचे बाळंतपण केले, बाळाला न्हाऊ घातले, आणि खरी निर्मळा आली तेव्हा तो निघून गेला होता. ते बाळ म्हणजे कर्ममेळा. या कथेतील चमत्काराचा भाग बाजूस ठेवला तरी तिचे तत्त्वज्ञान बुचकळ्यात पाडणारे आहे. ज्या चोखोबांना मंदिराच्या महाद्वाराच्या आत पाऊल टाकण्याची सनद नव्हती, त्यांच्या झोपडीत देव स्वतः गेला. आणि गेला तो दर्शन द्यायला म्हणून नव्हे, तर जातीच्या विटाळाने दुणावलेल्या प्रसूतीच्या विटाळात कोपरापर्यंत हात घालायला. अवतार घेऊन देवाने राक्षस मारल्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत, सुईण झाल्याची ही एक, आणि माझ्या मते ती त्या सर्वांहून थोर आहे. सोयराबाईच्या अभंगांतून विटाळाचा जो जाब विचारला गेला आहे, देह विटाळातूनच घडतो तर सोवळा कोण, असा, तो पुस्तकी वादातून आलेला नाही, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू गडचिरोलीत पाहायला मिळते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ साली तेथे कामाला गेले, तेव्हा गोंड आदिवासी इस्पितळात यायला का कचरतात, हे त्यांनी त्यांनाच विचारले. उत्तरे ऐकण्यासारखी होती. तुमच्या इस्पितळात नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. प्रेताला आम्ही पांढरे वस्त्र गुंडाळतो आणि तुमचे डॉक्टर पांढऱ्या कपड्यांतच फिरतात. आणि तुमच्या इस्पितळात देव कोठे आहे? मग त्यांच्या शोधग्राम या वसाहतीत दवाखाना उभा राहिला तो गावच्या झोपड्यांच्या घडणीचा, नातेवाइकांना राहण्याची सोय असलेला, आणि दंतेश्वरी देवीच्या नावाचा. इकडे तात्या विचारतात की देवाच्या जागेत बाळंतीण कशी ठेवावी, आणि तिकडे गोंड विचारतो की जेथे देव नाही तेथे मी माझी बाळंतीण कशी ठेवू? या दोन प्रश्नांपैकी अधिक धार्मिक कोणता, हे मी तात्यांना खाजगीत विचारले होते. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "दुसरा."

आता दानाविषयी. इस्पितळ बांधणे हे मोठे पुण्यकर्म, असे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते, आणि पूर्तधर्मात विहीर, तलाव, देवालय, अन्नसत्र यांच्या पंक्तीला आरोग्यदानाला स्थान आहे हेही खरे. पण प्रसूतिगृहाला दान हा शब्द लावताना माझी लेखणी अडखळते. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो असे श्रुती सांगते: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे, पैकी पितृऋण संततीने फिटते. हा हिशेब कोणी तरी एकदा जमाखर्चाच्या रीतीने तपासायला हवा होता. जमा पित्याच्या खात्यावर आणि खर्च मातेच्या! पितरांचे देणे फेडण्यासाठी जिने प्राण गहाण टाकला, तिचे स्वतःचे काही येणे निघते की नाही, याची नोंदच त्या वहीत नाही. शुद्धोदनाच्या घरी कशाची वाण नव्हती, तरी सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी मायादेवी गेली. बोधिसत्त्वाच्या मातेने त्यानंतर जगायचेच नसते, असे त्या मृत्यूचे स्पष्टीकरण परंपरेने दिले. पुत्राच्या थोरवीत मातेचे मरण इतक्या सफाईने मिटवून टाकण्याची हातोटी आपल्याकडे सर्व पंथांना साधलेली आहे. म्हणून म्हणतो, प्रसूतिगृह ही थकबाकीची वसुली आहे. देणाऱ्याने नाव कोरून घ्यावे असे त्यात काही नाही. कर्ज फेडणारा सावकाराच्या भिंतीवर आपले नाव कोरीत नसतो.

आणि नावाचा हा सोस निरुपद्रवी नसतो, कारण नाव फक्त दगडावर लागते. कोनशिलेला, खाटेला, पंख्याच्या पात्यालासुद्धा देणगीदार मिळतो (पंखा फिरू लागला की ते नाव वाचता येत नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही). रात्री दोन वाजता जागी असलेल्या परिचारिकेच्या दरमहा वेतनाला, भूलतज्ज्ञाच्या फेरीला, गाडीच्या डिझेलला आणि रक्तपेढीतून आणायच्या दोन पिशव्यांना देणगीदार मिळत नाही, कारण त्यांवर अक्षरे कोरता येत नाहीत. वस्तुतः बाई वाचते ती याच गोष्टींनी. २०१८ ते २०२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावल्याची सरकारी नोंद आहे. पूर्वीच्या मानाने ही घट मोठी आहे, आणि ती केवळ इमारतींनी झालेली नाही. आपले पूर्वज या बाबतीत अधिक व्यवहारी होते. आंध्रात मलकापुरम येथे काकतीय राणी रुद्रमादेवीच्या काळातील, १२६१ सालचा, एक शिलालेख आहे. त्यात विश्वेश्वर शिवाचार्य या शैव आचार्यांच्या मठाची व्यवस्था लावताना आरोग्यशाळेबरोबर प्रसूतिशाळेचीही तरतूद केलेली आहे, आणि ती इनाम गावांच्या उत्पन्नातून. म्हणजे दर साल येणाऱ्या वसुलातून, माणसे नेमून. देवाच्या इनामावर बाळंतपणे होण्याला साडेसातशे वर्षांचा दाखला आहे, आणि तोही शिवालयाच्या आश्रयाचा. ही गोष्ट मला सभेच्या वेळी माहीत असती तर तात्यांचा आणि माझा पुष्कळ वेळ वाचला असता.

तात्यांनी विरोध मागे घेतला, हे सांगितलेच पाहिजे. पुढच्या सभेत ठराव झाला, त्यावर पहिली सही त्यांची आहे, आणि दानपेटीच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा परिचारिकेच्या वेतनासाठी कायम मुक्रर करावा ही पुरवणी त्यांनीच सुचवली. देवस्थानची जमीन असल्यामुळे परवानगीसाठी अर्ज गेला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात धर्मादाय हेतूची जी व्याख्या आहे तीत वैद्यकीय साहाय्य येते, आणि केवळ पूजेशी वा धार्मिक शिकवणीशी संबंधित असलेला हेतू येत नाही; तरी देवाची जमीन ती देवाची, ती दुसऱ्या कामी लावायची तर कागद पुष्कळ लागतात, आणि एका कचेरीत मागितलेला उतारा दुसऱ्या कचेरीत जुना ठरतो. गुरुजींचे दफ्तर आता दोन पिशव्यांत मावत नाही. दरम्यान सभामंडपाच्या वाढीव कामाला वर्गणी जमली आणि ते एका उन्हाळ्यात पुरे झाले. त्याला कोणाची परवानगी लागली नाही, की मागितली नाही, हे मी विचारले नाही. सुईण दोन वर्षांपूर्वी वारली. तालुक्याच्या वाटेवरचा ओढा आहे तेथेच आहे.

त्या सव्वा एकरात यंदा हरभरा आहे.